बिनखुणेचा बाण

सांतुकसारखा बाण आमच्या नदीकाठी दुसऱ्या कुणाला जमला नाही, आणि सांतुकसारखं डोकंही दुसऱ्या कुणी खाल्लं नाही. बाण करून मागायला कुणी गेलं की आधी तासभर बोलणी खायची. "पिसं कुठल्या पंखाची आणलीस? डाव्या की उजव्या? दोन्हीची? मग तो बाण नाही रे बाबा, तो नाच आहे!" एका बाणाला एकाच पंखाची पिसं, हा त्याचा हट्ट. गरुडाचं पीस तो मधोमध चिरायचा, दांडा तासून पातळ करायचा, राळेने चिकटवायचा आणि खाजकुयलीसारख्या एका झुडपाच्या सालीचा दोरा इतका बारीक गुंडाळायचा की बोट फिरवलं तरी गाठ लागू नये. देवनळाची काडी, पुढं हरणाच्या नळीचं हाड, आणि टोकाला बांबूचं पातं. पातं आतून खोलगट कोरलेलं, त्यात बचनागाचं विष भरायचं.

पण त्याचा खरा हट्ट खुणेचा. आमच्यात प्रत्येक घराण्याची बापाकडून आलेली खूण असते, ती पात्यावर कोरतात. सांतुकच्या घराची खूण तीन उभ्या रेघा आणि एक तिरपी. बाण लागला म्हणून हरीण काही जागेवर बसत नाही. ते पळतं, आणि पडतं ते दुसऱ्याच कुणाच्या पायापाशी. मग पातं काढून बघायचं. ज्याची खूण त्याचं हरीण, त्यात वाद नाही. शिवाय पातं दिसलं की जखमेभोवतीचं मांस कापून फेकायचं, हेही कुणाला सांगावं लागत नाही. "खूण नसेल तर बाण कुणाचाच नाही," हे सांतुक उठता-बसता सांगायचा. पोरंटोरं त्याची नक्कल करायची, आणि तो ती ऐकून खूशही व्हायचा, हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

तर अशा माणसाने आयुष्यात एकदाच खूण न घालता बाण केला. का केला ते सांगतो.

त्या वर्षी सरकारने विषाच्या बाणांवर बंदी घातलेली होती. बंदूक हवी तर किनाऱ्यावरच्या कचेरीत जाऊन अर्ज करा म्हणे! आमच्या म्हाताऱ्यांना त्यांची भाषा येईना, अर्ज कसला करतायत डोंबल. विष नसेल तर आमचं हलकं धनुष्य हरणाला नुसतं गुदगुल्या करतं. त्यात हिवाळ्यात बर्फ पडला तो असा की हरणं गळ्यापर्यंत रुतून उभ्या उभ्या मेली. जी मेली ती हाडंच होती. कुत्र्यांनाही त्यात काही सापडेना.

सांतुकची मुलगी तुरेश बाळंत होऊन महिना झाला होता. तिचा नवरा मासेमारीच्या वाडीवर कामाला गेला तो परतलाच नाही. जिवंत आहे की नाही, देव जाणे. बाळाला नाव नव्हतं. आमच्यात इतक्या लवकर ठेवत नाहीत, वाईट नजर नको म्हणून 'घाणेरडं' म्हणतात. तर घाणेरडं छातीला लागायचं, ओढायचं, आणि सोडून द्यायचं. तुरेशचं दूध आटलं होतं. घरात वाळवलेल्या कंदाचे चार तुकडे होते, तेही उसामोनने, म्हणजे सांतुकच्या बायकोने, लेकीसाठी लपवून ठेवलेले. नवरा-बायको गरम पाणी पीत होते.

"बघता काय नुसते?" एका सकाळी उसामोन त्याच्यावर उखडली. "दोन्ही काठांवरचे लोक तुम्हाला बाणाचा देव म्हणतात. आणि देवाची नात उपाशी मरते आहे."

"विष सापडलं तर नेतात. मागल्या महिन्यात दोघांना नेलं. एक आला का परत?"

"तुम्ही साठीचे झालात. ते पोर महिन्याचं आहे."

तो उठला. छपराखाली कोपऱ्यात झाडाच्या सालीत गुंडाळलेला विषाचा गोळा होता, सुपारीएवढा. तो काढून चुलीपाशी बसला. आमच्या चुलीतल्या आगीला आम्ही आजी म्हणतो. तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय तो काम सुरू करत नसे. त्या दिवशी मात्र तिच्याकडे बघवेना त्याला. जुन्या बाणांची मोडतोड करून त्याने एक काडी सरळ केली, आगीवर शेकून, दातांत धरून. पिसं एकाच पंखाची होती, तेवढा एक आनंद. विष त्याने जिभेच्या टोकावर लावून पाहिलं, जीभ चुरचुरली. अजून जोर होता. पात्यात भरलं, वर राळ लावली.

उसामोन जवळ येऊन बघत होती. "खूण?"

"नाही घालत."

"काय म्हणालात?"

"चुकून पातं कुणाच्या हाती लागलं तर सरळ माझ्या दाराशी येतील. तीन उभ्या, एक तिरपी. शेंबडं पोरही सांगेल कुणाची ते."

"अहो, हरणं पाठवणारा देव तरी कसा ओळखणार, बाण कुणाचा ते?"

"न ओळखू दे. त्याने यंदा पाठवली तरी किती?"

हे बोलल्यावर त्यालाच लाज वाटली. पण कोरायची सुरी त्याने पिशवीत टाकली ती टाकलीच.

दुपारपर्यंत तो बर्फावर चालायच्या जाळीच्या चपला बांधून कड्यावरच्या रानात होता. पायात त्राण नव्हतं. चार पावलं टाकली की झाडाला टेकायचं. आणि तरी नशीब बघा, एक हरिणी दिसली. खरीखुरी, पायांवर उभी असलेली, झाडाची साल खात होती. सांतुक झाडामागे इतका वेळ उभा राहिला की बोटं लाकडाची झाली. मग सोडला. डाव्या पुढच्या पायामागे, जिथे लागायला हवा तिथेच लागला. एवढा अंगातला जीव गेला होता तरी हात चुकला नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

हरिणीने उडी मारली. काडी गळून पडली, पातं आत राहिलं, हे तसंच व्हायचं असतं. ती वीस-पंचवीस उड्या गेली, आणि तिचे पाय फाकले, आणि ती कड्यावरून खाली घसरली. सरळ खाली, नदीच्या बर्फावर. सांतुक काठाशी आला तेव्हा खाली तपकिरी ठिपका दिसत होता. आणि त्या ठिपक्याकडे पलीकडच्या गावची माणसं धावत होती. बर्फाखाली मेलेली हरणं उकरायला आली असणार बिचारी.

"माझी आहे!" तो ओरडला. वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार? कडा उतरता येत नव्हता. वळसा घालून जायचं तर मोठी चाल होती. पाच पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. पातं आत आहे. वरून केस, जखम बोटाएवढी. त्यांना वाटणार कड्यावरून पडून मेली. पातं बघितल्याशिवाय विष कुणाला कळणार? आणि भुकेली माणसं गरम हरीण समोर आल्यावर चूल पेटायची वाट बघतात का? कच्चंच खातात, आपणही खातो.

मग तो धावला. साठीचा म्हातारा, तीन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही, जाळीच्या चपलांसकट गडगडत, पडत, उठत. "खाऊ नका रे, खाऊ नका," एवढंच तोंडात. वाटेत एका चपलेची वादी तुटली, ती त्याने तिथेच सोडली.

पोचला तेव्हा कातडं निम्मं सोललं होतं. दहा-बारा माणसं होती, डोळे खोल गेलेली. त्यांचा गावप्रमुख रेकुश, सांतुकच्याच वयाचा. आणि कुरेका. कुरेका त्याच गावचा, पण कचेरीने त्याला विषाच्या बाणांवर नजर ठेवायला नेमला होता. मागल्या महिन्यात त्या दोघांची नावं त्यानेच सांगितली होती. रेकुशची सून सुरीने बरगडीपासून मांसाची पट्टी काढत होती, अगदी डाव्या पायामागून, आणि तिची मुलगी तोंड उघडून समोर उभी होती.

सांतुकने जाऊन तिच्या हातावर फटका मारला. पट्टी बर्फात पडली.

"अगं बाई!" सून किंचाळली. "हावरट म्हातारा! लेकराच्या तोंडचा घास काढता? लाज नाही वाटत?"

"विष आहे," सांतुकला धाप लागली होती. "बाणाने मेली आहे."

"कड्यावरून पडली. आम्ही पाहिलं सगळ्यांनी," कुणीतरी म्हणालं. "मांस पाहिजे तर सरळ माग ना. नाटकं कशाला?"

एक दांडगा पोरगा पुढे होऊन पट्टी उचलायला वाकला. तेव्हा सांतुकने तीच पट्टी उचलून स्वतःच्या तोंडात घातली. चावली. मग थुंकला, तोंडात बर्फ कोंबला, परत थुंकला, आणि जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. थोड्याच वेळात ओठांच्या कडा थरथरायला लागल्या, तोंडातून लाळ गळायला लागली. "बघा," तो म्हणाला, पण ते 'बघा'सारखं नव्हतंच.

सुनेने पोरीला मागे ओढून पदराने तिचं तोंड पुसलं, तिने काही खाल्लं नसताना. रेकुशने जखमेत बोटं घालून पातं बाहेर काढलं, बर्फाने पुसलं, उलटंपालटं केलं.

"खूण नाही याच्यावर," तो म्हणाला. त्याने सांतुककडे पाहिलं, मग कुरेकाकडे, मग पुन्हा सांतुककडे. म्हातारा हुशार होता, त्याने वाट काढून दिली. "कुणाचा आहे कळत नाही. सांतुकने आयुष्यभर बाण केले, जखम बघून ओळखलं त्याने. आमची लेकरं वाचवली. कुणाचाच बाण नाही, तेव्हा हरीण ज्यांना सापडलं त्यांचं. सांतुक, तुला पाहुण्याचा वाटा देतो. घे आणि घरी जा."

पाहुण्याचा वाटा म्हणजे ओंजळभर. वाळक्या हरिणीचे बारा वाटे! उसामोन तो शिजवेल, तुरेश दोन दिवस खाईल, आणि तिसऱ्या दिवशी? कुरेका खाली मान घालून उभा होता. त्याची स्वतःची दोन पोरं त्या घोळक्यात होती.

"माझा आहे," सांतुक म्हणाला. जीभ जड झाली होती म्हणून त्याला ते दोनदा म्हणावं लागलं.

"अरे गप्प बस की!" रेकुश दात-ओठ खात पुटपुटला. "कळत कसं नाही तुला?"

"माझा आहे. अर्धं तुम्ही घ्या. अर्धं माझ्या पोरीला हवं. तिचं दूध गेलंय."

रेकुशचे डोळे भरून आले, पण तो गावप्रमुख होता. "खुणेशिवाय मी कसं देऊ रे? ही सगळी उपाशी आहेत. उद्या कुणीही येऊन माझा माझा म्हणेल. आणि हे मला कुणी शिकवलं? तूच ना?"

"दे इकडे."

रेकुशने पातं त्याच्या हातात दिलं. सांतुकने सुरी काढली. कुरेका एकदम पुढे आला.

"एकाशी, नको," तो म्हणाला. आमच्यात मानाच्या म्हाताऱ्याला एकाशी म्हणतात. "मला बघायला लावू नका. मी हे बघितलं तर मला सांगावं लागेल. नाही सांगितलं तर इथलंच कुणीतरी माझं नाव सांगेल."

"मग पाठ फिरव."

कुरेकाने पाठ फिरवली. सांतुक बर्फात बसला, पातं गुडघ्यावर दाबून धरलं. बोटं सुजली होती, त्यांना काही कळत नव्हतं. पहिली रेघ वाकडी आली. त्याने ती पुन्हा कोरली, खोल. मग दुसरी, तिसरी. तिरपी कोरताना सुरी निसटून अंगठ्यात गेली, त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही. झाल्यावर पातं रेकुशला दिलं. रेकुशने ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "सांतुकचं हरीण." तो दांडगा पोरगा निमूटपणे मागे सरकला.

जखमेभोवतीचं मांस कापून दूर पुरलं. हरणाचे दोन भाग केले. तोवर कुरेका पाठ फिरवून उभा होता. मग तो वळला, रेकुशसमोर येऊन त्याने हात पुढे केला. रेकुश देईना. शेवटी सांतुकनेच पातं काढून घेतलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"उद्या येतो तुम्हाला न्यायला," कुरेका म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. "आज घरी जा."

सांतुकने नकाराची मान हलवली आणि कुरेकाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. घरी गेलो तर मग निघवणार नाही, आणि कुरेकाच्या मागोमाग कचेरीची माणसं घरात येतील, चुलीपाशी, बाळापाशी. त्याला हे सगळं बोलायचं होतं. तोंडातून नुसते घोगरे आवाज आले.

रेकुशची सून मांस पाठीवर बांधून उभी होती. तिने आपणहून बांधलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. "मी पोचवते, एकाशी," ती म्हणाली. "हाडं फोडून रस्सा करायला सांगते. दूध रश्श्यानेच येतं. मला माहीत आहे." मग थांबली. "आणि हुचीने, तुमच्या म्हातारीने, विचारलं, तुम्ही कुठे, तर काय सांगू?"

सांतुकने तोंड उघडलं. काहीतरी म्हणाला. सुनेला कळलं नाही, ती जवळ आली, कान पुढे केला. त्याने परत सांगितलं, पहिल्यापेक्षा लांब, हात हलवून, डोळ्यांत पाणी आणून. तिला एक अक्षर कळलं नाही. तिने रेकुशकडे पाहिलं, त्यालाही कळलं नव्हतं.

"बरं, सांगते," ती म्हणाली, आणि ओझं सावरून नदीपल्याडच्या वाटेला लागली.