रोवण्याचा चिखल आणि 'इन्फॉर्मल'

इंग्रजी शब्दांच्या स्पर्धेसाठी भंडाऱ्याला निघाले तेव्हा मी आधीच तापलेली होते. करडी गावाजवळच्या आमच्या शाळेतल्या मुलींच्या उच्चारांना गेल्या वर्षी शहरातली पोरं फिदीफिदी हसली होती. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "मॅडम, यंदाचं शेवटचं. पुन्हा हसं झालं तं स्पर्धा बंद." मी इंग्रजीची बाई, हे जिव्हारी लागणारच.

स्पर्धा म्हणजे काय, तर चिठ्ठी उचलायची आणि निघालेल्या शब्दाचा अर्थ, वापर, मूळ असं सगळं स्टेजवर समजावून सांगायचं. आमच्या आठवीतल्या मुलीला शब्द आला 'इन्फॉर्मल'. तयारीला थोडा वेळ देत. मी डिक्शनरी उघडून दाखवलं, 'फॉर्म'चं मूळ लॅटिन, अर्थ आकार किंवा साचा. आणि 'इन' म्हणजे नाही.

"समजलं मॅडम," ती म्हणाली, "पण दाखवू कशी? मले तं तुमच्यासंग बोलतानाई घाम येते."

माझा दरारा आहेच तसा, आणि मला तो आवडतो. तरी विचारलं, "रोवण्यात कशी बोलतेस गं?"

ती एकदम हसली. रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. सुट्टीत ती आईबरोबर जाते. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

स्टेजवर तिने सुरुवात ताठ केली. हात जोडून "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली, "धिस इज फॉर्मल." 'साचा' समजावला, भांड्यांच्या दुकानातल्या पितळी गडव्यांचं, एकाच साच्यातून निघालेल्या तांब्यांचं, उदाहरण दिलं. मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली.

मग ती थांबली आणि इंग्रजीतच सांगू लागली. वर्षभर शेतमालकासमोर बाया मान खाली घालून उभ्या राहतात. पण रोवणा संपला की त्याच बाया त्याला धरतात, चिखल फासतात आणि खाऊ मागतात. त्या दिवशी कोणी लहान नाही, कोणी मोठं नाही. बोलता बोलता ती स्टेजच्या कडेला आली, नुकतंच पाणी घातलेल्या कुंडीत हात बुडवला, खाली उतरली आणि थेट माझ्यासमोर.

"मॅडम, रोवणा झाला! खाऊ द्या!"

गालावर गार चिखल. मी तोंड उघडं टाकून बसलेली. ती सभागृहाकडे वळली. "धिस इज इन्फॉर्मल. नो साचा."

हॉल हसून हसून लोटपोट झाला, आणि या वेळचं हसू आमचं होतं! मागच्या रांगेतली पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पहिला नंबर आला. माझ्या डोळ्यांतलं पाणी चिखलात मिसळलं, तरी मी गाल पुसला नाही.

एसटी स्टँडवर मुख्याध्यापकांचा फोन आला. "काय झालं मॅडम? हसले काय लोक?"

"लय हसले सर," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी दोन पोरी आणतो. आता ठेवा फोन, मले खाऊ द्याचा हाय."