ग्राफिक्स कार्डाचे दात

"चालवून दाखव," असं म्हणून मामा हात उलटा करायचे आणि पंज्याची मागची बाजू त्या वस्तूला लावून उभे राहायचे. वस्तू कोणतीही असो. पंप, पंखा, बॅटरी. एकदा नव्या साहेबांनी मोटारसायकल घेतली, तर पेढा हातात धरून मामा इंजिनाला हात लावून उभे. पेढा खाल्ला तो इंजिन पाच मिनिटं चालल्यावरच.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एक माणूस असेल. पद लहान, पण यंत्र अडलं की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. आमच्या वाळूजच्या कारखान्यात ते मामा होते. फोर्कलिफ्ट चालवायचे. मी भांडार सांभाळते. कोणता खोका कोणत्या रांगेत, कोणत्या खणात, हे माझ्या वहीत असतं. मी खिडकीतून आकडा सांगायचा आणि मामांनी खोका आणून ठेवायचा, असं आमचं बावीस वर्षं चाललं. मामांचं घर पडेगावला, मूळ गाव लासूर स्टेशनकडचं. घराणं मेंढपाळांचं. लहानपणी वडिलांबरोबर बाजारात मेंढरं विकायला उभे राहिलेले, आणि मला वाटतं, तो बाजार त्यांच्या अंगातून कधी गेलाच नाही.

मग कंपनीने शेंद्र्याला नवं गोदाम बांधायला घेतलं. तिथे फोर्कलिफ्ट नसणार होती. छतापर्यंत रॅक, रॅकमधून फिरणारी क्रेन, आणि ती चालवणारा माणूस दूर काचेच्या केबिनमध्ये तीन स्क्रीनसमोर. आमच्या चार चालकांतून दोघांची निवड व्हायची होती. चाचणी दीड महिन्याने. राहिलेले दोघे ट्रक भरायच्या कामावर. मामांचा डावा गुडघा गेलेला, डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मनाई केलेली. म्हणजे चाचणी हुकली की नोकरी संपली. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

नमुन्याची केबिन आली त्या दिवशी मामांनी स्क्रीनवरची क्रेन तीनदा रॅकला धडकवली. साहेब हसले. "मामा, गेम खेळणाऱ्या पोरांना हे लगेच जमतं बघा."

हा टोमणा होता. मामांनी तो सूचना म्हणून घेतला.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या खिडकीशी आले. "ताई, वही काढा."

"काय मागवायचंय?"

"कंपनीचं नाय, माझं. तीन टीव्ही लावून गाडीचा गेम खेळायचाय."

"एकावर खेळा की आधी."

"एकावर म्हंजी बैलाला झापड बांधल्यागत. कडंला काय हाय ते दिसतंच नाय. अन् मी तितं कडंनंच धडकायलो."

मला संगणकातलं भांडाराच्या सॉफ्टवेअरपलीकडे काही कळत नव्हतं. पण यादी करायची म्हटलं की मला हुरूप येतो. तीन संध्याकाळी मी वाचत बसले, व्हिडिओ पाहिले, वहीची अकरा पानं भरली. थोडक्यात सांगायचं तर असं: गेममधलं चित्र जे रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड. तीन स्क्रीन म्हणजे त्याला तिप्पट रंगवायचं काम. कार्ड कमी पडलं तर चित्र अडखळतं, हात पुढे जातो आणि गाडी मागे राहते. असा सराव केला तर हाताला खोटी सवय लागणार. म्हणून कार्डाला तीन स्क्रीन जोडता आल्या पाहिजेत, त्याची मेमरी पुरेशी हवी, ते संगणकाच्या डब्यात मावलं पाहिजे आणि त्याला लागणारी वीज त्या डब्यातल्या पुरवठ्याने दिली पाहिजे. चार रकाने आखले, मामांना वाचून दाखवले.

"लई भारी," मामा म्हणाले. "आता हे चार रकाने पळतात कसे ते बघू."

मामांच्या आवाक्यातलं नवं कार्ड तीन स्क्रीनना कमी पडत होतं, पुरेसं पडणारं आवाक्याबाहेर होतं. मग जुनं बघायचं ठरलं. इथे माझी वही मागे पडली आणि लासूरचा बाजार पुढे आला.

पहिल्या दुकानात कार्ड टेबलावर उघडंच मांडलेलं, वर एसी. गेम लोण्यासारखा चालला. माझ्या चारही रकान्यांत खूण झाली, मी पेन बंद केलं. मामा खाली वाकले, मोबाईलचा उजेड पाडला आणि कार्डावरच्या धातूच्या पात्या एकेक करून पाहू लागले.

"मामा, काय बघताय?"

"दात." मग हळूच माझ्याकडे वळून, "ताई, लई चकचकीत हाय हे. बाजारात शिंगाला तेल लावून आणत्यात, तसं." आणि दुकानदाराला, "हे डब्यात घाल. झाकण लाव. तीन स्क्रीन जोड. एसी बंद कर."

"चाचा, इतना कोई नहीं देखता."

"व्हय, म्हनून तर तुजं चाललंय. सावलीत उभं करून दाखवू नको. उन्हात चालव."

एप्रिलची दुपार, एसी बंद, आम्ही तिघं घामाघूम. मी मनातून वैतागले होते. चाळीसाव्या मिनिटाला डावीकडची स्क्रीन काळी झाली, परत आली, पुन्हा काळी झाली. मामांनी डब्याला उलटा हात लावला. "दमलंय. याच्याकडनं कुनीतरी रातंदिवस वझं वढून घेतलंय."

दुकानदाराने एसी परत लावला. मग त्यानेच सांगितलं, कार्ड एका माणसाचं होतं, तो अशी वीस कार्डं लावून महिनोन् महिने बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी काढायचा. मी रस्त्यावर येऊन वहीत पाचवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, "उन्हात चालवणे."

अशी आणखी दोन कार्डं मामांनी परत पाठवली. तिसऱ्या आठवड्यात रोशनगेटला एका आपांकडे गेलो. त्या लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ बनवायच्या, आता मुलाने मोठं मशीन घेऊन दिलं होतं म्हणून जुनं कार्ड काढत होत्या. कार्डावर धुळीचा जाड थर. मला ते पाहूनच नको झालं. मामांचा चेहरा मात्र उजळला.

"धूळ हाय म्हंजी लपवायचं काय नाय," ते मला म्हणाले आणि उजेड पाडून बसले.

"चाचा, कार्ड लेने आए के बकरा लेने? दांत कायकू देख रै?" आपांनी विचारलं.

"बकराच असतोय आपा, फक्त चारा महाग."

आपा इतक्या हसल्या की आतून त्यांची सून बाहेर आली. मग कार्ड दोन तास चाललं, झाकण लावून, पंखा बंद करून. तेवढ्या वेळात शीरखुर्मा झाला, सुनेच्या लग्नाचा व्हिडिओ तीन वेळा पाहून झाला. एकही स्क्रीन काळी झाली नाही. मामांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "तापतंय, पर धापत नाय."

आता भाव. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबतात. मामांनी सवयीने रुमाल काढला, झटकला, आणि समोर बाई आहे हे लक्षात येऊन तसाच हवेत धरला. दोन क्षण विचार केला. मग रुमाल माझ्या हातावर टाकला. "ताई, आपांचा हात धरा. मी सांगतो तेवढी बोटं दाबा." ते माझ्या कानात सांगत होते, मी दाबत होते, आपा डोळे मिटून मान हलवत होत्या आणि परत माझी बोटं दाबत होत्या. आयुष्यभर मी तीन कोटेशनं मागवून खरेदी केली आहे. इतकी मजा एकाही खरेदीत आली नाही. चौथ्या खेपेला आपांनी माझा हात सोडलाच नाही, आणि मामा म्हणाले, "झालं."

पडेगावच्या घरी मी सगळं जोडायला गेले. बंद पडलेल्या एका कचेरीतल्या तीन सारख्या स्क्रीन आणि संगणकाचा डबा आधीच मिळाला होता, टेबल मामांनी कंपनीतून टाकून दिलेल्या फळ्यांचं केलं होतं. मी प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावली: डावी, मधली, उजवी. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"तीन तीन टीव्ही अन् एकातबी मालिका नाय," त्या म्हणाल्या.

गेम सुरू झाला. कडेच्या स्क्रीन झकास, मधली मात्र रांगत होती. ट्रक पुढे जाऊन थांबे, मग उडी मारे. मी वही पुन्हा पुन्हा तपासली. सगळ्या खुणा बरोबर. चाचणीला वीस दिवस राहिले होते. आपांनी फसवलं की काय, हा विचारही येऊन गेला. मामा उठले, डब्याच्या मागे गेले आणि वायरी खोचल्या होत्या तिथून उलटा हात वरून खाली फिरवला.

"ताई, या दोन वायरी गरम जाग्यावर लागल्यात. मधली थंड जाग्यावर लागलीय."

मधली वायर मी कार्डाऐवजी मदरबोर्डात खोचली होती. भोक सारखंच होतं, माझी चिठ्ठी सुबक होती, आणि जागा चुकली होती. मामांनी ती काढून खालच्या गरम भोकात घातली. तिन्ही स्क्रीन मिळून एकच रस्ता झाला, डावीकडून उजवीकडे वाहणारा. मामांनी कडेच्या दोन स्क्रीन आरशासारख्या आत वळवल्या, खुर्ची पुढे ओढली आणि परदेशातल्या कुठल्याशा महामार्गावर ट्रक घातला.

"आडवी एक म्हैस नाय," ते म्हणाले. "मानसं कशी राहत आसतील इतं."

पुढचे वीस दिवस मी रोज खिडकीतून विचारायचे. आधी ट्रक, मग गोदामाचा गेम, मग फक्त मागे घेण्याचा सराव. "आज किती धडका?" "नऊ." "आज?" "चार." एका सोमवारी त्यांनी लांबूनच मूठ दाखवली, एकही बोट न उघडता. मी भर कामात टाळी वाजवली.

चाचणी शेंद्र्याला, खऱ्या क्रेनवर होती. माल माझ्या भांडारातला होता, म्हणून मला काचेबाहेर उभं राहायला मिळालं. बाकीचे तिघे तिशीच्या आतले, हात विजेसारखे. मामांची पाळी शेवटची. पहिली फेरी स्वच्छ, दुसरी स्वच्छ. तिसऱ्या फेरीत क्रेन अर्ध्या वाटेत थांबली. मामांनी हात वर घेतले. दोन सेकंद, चार सेकंद. परीक्षकाने घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, गोठले. आता गुडघा, ट्रक, घर.

मामा माईकमध्ये म्हणाले, "डावीकडं तिसऱ्या खणात पट्टी लोंबायली. आधी ती काढा. आडकली तर समदा रॅक वढून आणील."

परीक्षकाने आपल्या स्क्रीनवर पाहिलं, मग उठून मामांच्या मागे जाऊन पाहिलं. बांधणीची एक पट्टी खरोखरच सुटून लोंबत होती. आधीच्या तिघांची क्रेन तिला चाटून गेली होती. माणूस पाठवून ती कापली, मामांनी फेरी पूर्ण केली. संध्याकाळी यादी लागली, तीत दोन नावं होती. दुसरं मामांचं होतं. ते मी दोनदा वाचलं.

मामा शेंद्र्याला गेले. माझ्या खिडकीसमोर आता एक शांत मुलगा फोर्कलिफ्ट आणून लावतो. चांगला आहे. कशालाही हात लावून बघत नाही.

दोन महिन्यांनी माल मोजायला मी नव्या गोदामात गेले. केबिन दुसऱ्या टोकाला, तिथवर जायची परवानगी लागते म्हणून म्हटलं, आधी काम, मग भेट. आत माणूस नव्हता. नुसते रॅक, वर निळा उजेड, आणि कुठेतरी मोटरचा बारीक आवाज. मी सातव्या रांगेत उभी राहून खोके मोजू लागले. मोजता मोजता पाय जमिनीवरच्या पिवळ्या रेषेच्या आत गेला असावा.

छतातल्या कर्ण्यातून आवाज आला. "ताई, दोन पावलं मागं. मग लिव्हा."

मी वर पाहिलं, मागे पाहिलं. कोणी नव्हतं. दोन पावलं मागे सरले. उजव्या अंगाने क्रेन आली, माझ्या डोक्याएवढ्या उंचीवरून भला मोठा खोका घेऊन, अगदी हळू, आणि पुढे निघून गेली. कॅमेरा कुठे आहे ते मला सापडेना. म्हणून मी तिन्ही बाजूंना हात केला.