मावशीच्या आतड्याची ताटली

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत, तिच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. बावीस वर्षं ती पेशींचं खाणंपिणं सांभाळत होती. माणसांच्या आतड्यातल्या पेशींपासून काचेच्या ताटल्यांत वाढवलेले खसखशीएवढे गोळे; एक दिवसाआड त्यांचा पोषक द्रव बदलायचा. हात असा हलका, की गोळ्यांना पत्ता लागू नये.

त्यातली एक ताटली खुद्द मावशीच्या आतड्याची होती. पोटाच्या तपासणीत काढलेला तुकडा तिने प्रयोगशाळेला देऊन टाकला होता, कारण रोग्याच्या गोळ्यांशेजारी तुलनेला धडधाकट माणसाचे लागतातच. दगडही पचवीन, असं ती तोऱ्यात सांगे.

त्या महिन्यात एका नऊ वर्षांच्या मुलीचे गोळे आले. पेशींतून मीठपाणी नीट वाहत नाही, म्हणून छातीत चिकट कफ साठतो, जिना चढतानाही धाप लागते, असा तिचा आजार; तोच दोष आतड्याच्या पेशींतही दिसतो. तिच्या गोळ्यांना नवं औषध द्यायचं, मग पेशींची दारं उघडणारं रसायन टाकायचं; मावशीच्या धडधाकट गोळ्यांना नुसतं रसायन पुरे. आत पाणी शिरून गोळे फुगले, तर डॉक्टर मुलीला ते औषध सुरू करणार, नाहीतर नाही.

गोळे फुगले नाहीत. साहेबांनी अहवाल लिहायला घेतला.

"थांबा," मावशी म्हणाली. "माझेही फुगलेले नाहीत."

"अहो, पण किती गोल, सुबक आलेत बघा."

"दिसण्याचं काय घेऊन बसलात? माझं आतडं ठणठणीत आहे. ते फुगत नाही, म्हणजे खोट आपल्या कामात आहे, औषधाला कशाला बोल लावायचा? गोळे नुसते वाढलेत, कामाला लागलेले नाहीत."

साहेब वैतागले, डॉक्टरांना दुपारीच उत्तर हवं होतं. मावशी काही हटली नाही. महिन्यापूर्वी नवा द्रव आला होता. त्यात पेशी भराभर वाढत, पण कोवळ्याच राहत, हे आता तिच्या लक्षात आलं. तिने जुना द्रव मागवला आणि दोन्ही ताटल्या पहिल्यापासून वाढवल्या.

दोन आठवड्यांनी तिचे स्वतःचे गोळे अर्ध्या तासात टम्म फुगले. तिला मात्र हायसं वाटेना. आता मुलीचे फुगले नाहीत, तर ते खरंखुरं 'नाही' ठरणार होतं, आणि ते तिनेच पक्कं केलेलं असणार होतं. ती भिंगाला डोळा लावून बसली.

मुलीचे गोळे हळूहळू फुगू लागले.

"तुमच्या निम्मेच," साहेब मोजून म्हणाले.

"निम्म्यात जिना चढता येतो," मावशी म्हणाली आणि अहवालावरच्या सहीसाठी पेन मागितलं.