लायनीवर मी एकटा होतो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. हजला गेलो, तिथे एकेक गोष्ट आठवून माफी मागितली, आणि नेमका याच्यावरून पुढे सरकलो. आज तुमच्यापाशी बोलतो आहे. मध्ये काही विचारू नका — विचारलंत तर मी विषय बदलेन. धंद्यात तीच सवय लागली आहे.

सवयीचंच आधी सांगतो. कतारला, दोह्यात आलो तेव्हा मी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खांद्यावरून वाहणारा हेल्पर होतो. पुढे अल वक्र्यात खिडक्या-दरवाज्यांचं माझं स्वतःचं वर्कशॉप झालं. कोणी हात धरून वर आणलं नाही. मला आणलं ते भाव करण्याने. जो माल आवडला त्याच्याकडे बघायचं नाही, तोंड वाकडं करायचं, चार खोड्या काढायच्या — विकणारा आपोआप खाली येतो. मी भले भले खाली आणलेत. आणि डोकं तापलं की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

एकाच माणसाने मला फसवलं. उस्मानशेठ. कोकणातल्या आमच्याच खाडीपलीकडचा. माझ्या घरी बसून, माझ्या बायकोच्या हातची कोळंबी खाऊन त्याने उत्तरेकडच्या मदिनत अश शमालच्या बंगल्यांच्या कामाचा माझा भाव माझ्याच तोंडून काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून खालचा भाव देऊन काम उचललं. वर भेटला की म्हणायचा, ‘काय भाई, खफा आहेस काय?’ खफा? माझं रक्त उकळायचं. अजूनही — पण ते असू दे. उस्मानच्या आड लपण्यासाठी मी हे सांगायला बसलेलो नाही.

थंडीच्या दिवसांत शुक्रवारी सकाळी अल थुमामाच्या मोकळ्या मैदानावर आमच्या कोकणातल्या गावांच्या टीमा टेनिस बॉलने खेळायच्या. डोक्यावरून विमानं उतरायची, खाली आमची आरडाओरड. तुम्हाला हा पोरखेळ वाटेल. पण प्रत्येक टीमचा एक शेठ असायचा, आणि तो चांगला खेळाडू हेरून त्याला व्हिसा द्यायचा. कागदावर फॅब्रिकेटर, खरं काम शुक्रवारचं. आमचे प्रोफेशनल म्हणा ना.

आणि सीझनच्या पहिल्या मॅचनंतर, दुपारनंतरची असरची नमाज झाली की, माझ्या वर्कशॉपमध्ये चटया टाकून झाडाझडती व्हायची. एकेका खेळाडूने उभं राहायचं. सगळ्यांनी त्याच्या खेळाबद्दल तोंडावर बोलायचं. शेवटचा शब्द शेठचा, म्हणजे माझा. दुसऱ्या टीमांचे शेठही चहाच्या निमित्ताने येऊन बसायचे आणि कान टवकारून ऐकायचे, कारण कोणाला मागायचं ते तिथेच ठरायचं. रात्रीपर्यंत फोनवरून गावात बातमी पोचलेली असायची.

सलीमला मीच आणला होता. गावात त्याची बायको सकीना आणि नुकतीच चालायला लागलेली मुलगी. माझ्याकडच्या व्हिसावर बायको-पोरांना आणता येत नव्हतं. उस्मानची कंपनी मोठी. तो सलीमला सुपरवायझरची जागा देणार होता, फॅमिली स्टेटससकट, म्हणजे बायको-मुलीला आणता आलं असतं. अट एकच — आधी सीझनची पहिली मॅच बघतो, मग बोलतो. सलीमने हे स्वतः येऊन मला सांगितलं. ‘भाई, तुमी नाय बोललास तर मी नाय जाणार.’

जुन्या शेठने रिलीजचा कागद दिल्याशिवाय तिथे नोकरी बदलता येत नसे. मी काय म्हटलं? सगळ्यांच्या देखत म्हटलं, ‘जा की. मी रिलीज अडवणारा माणूस नाही.’

अडवली असती तर लोकांनी नावं ठेवली असती ना!

आता मॅचचं सांगतो.

शेवटचे बॉल उरले होते. मी पूर्वेकडच्या चुन्याच्या रेषेबाहेर, माझ्या पिकअपला टेकून उभा. सूर्य माझ्या पाठीशी, म्हणजे बाकी सगळ्यांच्या डोळ्यांत. बॅट्समनने उंच मारला. बॉल माझ्याच दिशेने येत होता, आणि सलीम बॉलकडे बघत उलटा धावत होता. रेषा पाठीमागे, त्याला दिसत नव्हती. मला वाटलं, हा आता माझ्या गाडीवर आदळणार. तेवढ्यात तो उडाला. मी माणूस इतका वर गेलेला कधी पाहिला नव्हता. बॉल त्याच्या डाव्या हातात बसला तेव्हा त्याचं सगळं अंग रेषेच्या बाहेर होतं, माझ्या बाजूला, हवेत. बॉल हातात घेऊन तिथे खाली आला की सिक्स. आणि त्या हवेतच — कसं सांगू? — त्याने मान वळवली. घाई नाही. आईने पोराला हाक मारण्याआधी ते कुठे आहे ते बघावं, तसं बघितलं. आत माझा भाचा दाऊद उन्हाने आंधळा होऊन उभा होता. सलीमने मनगट हलवलं. बॉल दाऊदच्या छातीशी जाऊन पडला, आणि मग सलीम माझ्या पायाशी कोसळला.

असं काही असतं हेच तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. टीव्हीवरसुद्धा कोणी पाहिलेलं नव्हतं. ‘सुभानल्ला!’ मी मोठ्याने म्हणालो. सलीमने धुळीतून वर बघितलं आणि तो हसला. त्याने ऐकलं होतं. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं काय घडलं ते.

सूर्य डोळ्यांत असल्याने बाकीच्यांना वाटलं, सलीमच्या हातून सुटला आणि दाऊदने झेलला; आऊट तर कसाही होता. मॅच आम्ही जिंकलो. मैदानभर पोरांनी दाऊदला उचलून नाचवलं.

संध्याकाळी झाडाझडती. उस्मान समोरच बसलेला, हातात काळा चहा. दाऊद उभा राहिला. ‘मामू, खरं सांगू? मी डोळेच मिटलेले. उघडले तर बॉल हातात!’ सगळे खदाखदा हसले. मग सलीमची पाळी. ‘काय रे, हाताला तेल लावून आलास काय?’ कोणीतरी विचारलं.

‘सुटला नाय,’ सलीम म्हणाला. ‘मी टाकला.’

‘असा कोण टाकतो? बॉल हाय का पाव?’

पुन्हा हसू. सलीमही हसला, कारण त्याला काळजी नव्हती. मी होतो ना! उस्मानने ग्लास खाली ठेवला. ‘लायनीवर तू होतास भाई. तूच सांग. सुटला की टाकला?’

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उस्मानकडे बघितलं, त्याचा तो भुकेला चेहरा, कोळंबी खाताना होता तसाच. आणि तोंड वाकडं करून मी म्हणालो — ‘सुटला.’

एवढंच. मी रिलीज अडवली नाही. मी माल खराब आहे म्हणून सांगितलं.

सलीम माझ्याकडे बघत चटईवर जाऊन बसला. उस्मानने दाऊदला मागितलं. दाऊदला फॅमिली स्टेटस मिळालं, आणि त्याचं तर लग्नही झालेलं नव्हतं. सलीम दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आला. पट्ट्या कापल्या. खेळतही राहिला, पण बॉल रेषेकडे जायला लागला की तो थांबायचा. जाऊ द्यायचा. मी कधी विचारलं नाही का ते. सुट्टीवर गावाला गेला की मुलगी त्याला बघून आईमागे लपायची. तो परत येऊन हे हसत सांगायचा, आणि मीही हसायचो. हसायचो हो!

बऱ्याच वर्षांनी, रमजानात, मशिदीच्या अंगणात इफ्तारला उस्मान माझ्या शेजारी बसला. पिकला होता. मीही पिकलो होतो. मदिनत अश शमालचं नाव निघालं तेव्हा आम्ही दोघेही हसलो. समोरच्या ओळीत सलीम लोकांना सरबत देत होता.

उस्मान म्हणाला, ‘काल टीव्हीवर एकाने तसाच कॅच घेतला. हवेतून आत टाकला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मना एकदम हा तुझा सलीम आठवला.’ मग त्याने विचारलं, ‘तेव्हा खरंच सुटला होता काय रे? माझ्याकडे अजून एक जागा आहे. तो बायको-मुलीला आणू शकेल.’

मला त्या वेळी उस्मानचा राग नव्हता. खरंच नव्हता. पण ‘टाकला’ म्हटलं असतं, तर मधल्या सगळ्या वर्षांचं काय ते इफ्तारच्या त्या चटईवर, सलीमच्या देखत सांगावं लागलं असतं.

‘सुटला होता,’ मी म्हणालो, आणि खजूर त्याच्यापुढे सरकवला.