दाजींचे दोन खटके

दाजींना दाजी म्हणण्याचा हक्क खरं तर एकट्या रंग्याचा. तो त्यांच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. पण वर्कशॉपात दिवसभर त्याचं "दाजी, दाजी" ऐकून आधी इंजिनवाला तसं म्हणू लागला, मग वेल्डर, मग समोरचा टायरवाला आणि शेवटी गिऱ्हाइकंसुद्धा. दाजी म्हणायचे, "अख्ख्या गल्लीची बहीण माझ्या घरात नांदतेय. मी भांडणार तरी कुणाशी?"

त्यांचं काम दारांचं. गाड्यांच्या धंद्यात दारवाल्याला फारसं कुणी विचारत नाही. इंजिनवाला म्हणजे डॉक्टर, रंगारी म्हणजे कलावंत आणि दारवाला म्हणजे नुसता दारवाला. हे दाजींना लागत नसे असं नाही, पण त्यांचं उत्तर तयार असे. "इंजिन बंद पडलं तर माणूस उतरून चालायला लागतो. दार उघडलं तर त्याला उतरायचंय का, हे कुणी विचारत नाही."

जुन्या गाड्या ही त्यांची खासियत. जुन्या गाडीच्या दाराला एक लोखंडी जीभ असते, ती चौकटीच्या खांबावरच्या खाचेत जाऊन बसते, झालं. गाडी खड्ड्यात आदळली, सांगाडा जरा पिळवटला की जीभ खाचेतून सुटते. दाजी ती काढून तिथे पंजा बसवत. पंजा म्हणजे खांबावरच्या जाड बोल्टला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारा नवा खटका. तो दोन टप्प्यांत लागतो. दार अर्धवट ओढलं तर पहिल्या टप्प्यावर अडकतं, पण सुटत नाही. पूर्ण ओढलं की दुसरा टप्पा लागतो. आधी हलकं टिक, मग भारी खट.

काम संपलं की दाजी गाडीबाहेर उभे राहत, डोळे मिटत आणि दोन बोटांनी दार ढकलत. टिक, खट. हे ऐकायला शेजारपाजारचे हातातलं काम टाकून येत. एकदा तर त्यांनी नुसत्या आवाजावरून स्क्रू दोन आटे जास्त लांब असल्याचं सांगितलं होतं आणि ते खरं निघालं होतं. तेव्हापासून दाजींना आपल्या कानाचा थोडा गर्व झाला. थोडा कसला, चांगलाच झाला. डोळ्यांनी बघणं म्हणजे शिकाऊ माणसाचं काम, असं ते चारचौघांत म्हणू लागले.

रंग्या त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. ड्रिल कसं धरायचं, रिव्हेट कशी ठोकायची, सगळं दाजींनी शिकवलेलं. दारांत त्याचं मन रमलं नाही, पण रंगात रमलं. हात असा की जुन्या पत्र्यावर तीन आठवडे घासघास घासून तो कारखान्यातून आल्यासारखी कड काढायचा. तरी गिऱ्हाईक यायचं ते दाजींचं नाव विचारत, आणि रंग्याची ओळख म्हणजे "दाजींचा मेव्हणा". चाळिशी उलटलेल्या माणसाला हे किती वर्षं गोड लागणार?

अशात गणिताच्या बाईंची पिकअप आली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. गाडी त्यांच्या वडिलांच्या लाकडाच्या वखारीची, बाईंच्याच वयाची. बाई आणि त्यांची मोठी बहीण, दोघीच राहत. बाई चालवायच्या आणि ताई शेजारी बसायच्या. ताईंच्या बाजूचं दार दोनदा आपोआप उघडलं होतं. दोन्ही वेळा गाडी हळू होती म्हणून निभावलं.

"दाजी, मला बक्षीसबिक्षीस नको," बाई म्हणाल्या. "जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, ताईला एकदा मिरवून आणायचंय. ताई सोडून मला कुणी नाही. दार तेवढं उघडायला नको."

"उघडणार नाही, बाई. माझा शब्द."

बक्षीस बाईंना नको होतं, रंग्याला हवं होतं. त्या प्रदर्शनात रंगकामाची वेगळी ढाल असते आणि अकरा वर्षं ती दुसऱ्याच कुणाला मिळत होती. परीक्षक मूळचं किती राखलंय ते बघतात. पंजा बसवायचा म्हणजे दाराची कड आणि खांब दोन्ही कापायचे. चालकाची बाजू दाजींनी कापली तेव्हा रंग्या तोंड फिरवून उभा राहिला. "दाजी, जिवंत माणसाचा कान कापल्यासारखं वाटतं हो." दाजी हसले. ताईंच्या बाजूवर त्यांनी खुणा करून ठेवल्या, पंजा घासूनपुसून तयार ठेवला आणि तेवढ्यात गावाहून निरोप आला की चुलते गेले. दोन दिवस जायला हवं होतं.

"जा तुम्ही," रंग्या म्हणाला. "खुणा तुमच्याच आहेत. मी कापतो, मी बसवतो. शिकवलंय कुणी मला?"

दाजी परतले ते थेट वर्कशॉपात. गाडी आरशासारखी झाली होती. ताईंच्या बाजूचं दार बंद होतं आणि कडेला सगळीकडे कागद चिकटवलेले होते.

"कड ओली आहे, हात लावू नका," रंग्या म्हणाला. "उघडू बिघडू नका. मीच जरासं उघडून ढकलतो, तुम्ही ऐका."

ऐकायला सांगितल्यावर दाजी कशाला थांबतात! डोळे मिटले. टिक, खट. त्यांनी मान डोलावली, रंग्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हे खटके मी बसवले असते तरी याहून बरे वाजले नसते." रंग्या खाली बघत राहिला. दाजींना वाटलं, लाजला.

प्रदर्शनात रंग्याला ढाल मिळाली. जो तो ताईंच्या बाजूच्या कडेचं कौतुक करत होता. दाजी तिथे गेले नव्हते. मेव्हण्याच्या दिवशी आपण पुढे पुढे कशाला, असा विचार करून ते मुद्दाम घरी थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप वर्कशॉपाच्या दारात उभी राहिली. ताईंच्या बाजूचं दार दोरीने बांधलेलं होतं. बाई एकट्याच उतरल्या. त्यांच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं.

"येताना पुलाच्या वळणावर उघडलं," त्या म्हणाल्या. "मी तिच्या स्वेटरची कॉलर धरली म्हणून वाचली. अर्धी बाहेर लोंबत होती. गळ्याशेजारचं हाड मोडलंय, हात कोपरापर्यंत सोलवटलाय." मग त्यांनी विचारलं, "दार तुम्हीच तपासलं होतं ना, दाजी?"

"मीच," दाजी म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, शंकाही आली नव्हती. त्यांना लाज वाटली. आपला पंजा सुटला कसा? बोल्ट ढिला राहिला का? त्यांनी दोरी सोडली आणि पास केलेल्या दाराच्या कडेकडे वीस वर्षांत पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बघितलं.

पंजा नव्हताच. कड अखंड होती, सुंदर रंगवलेली, आणि तिच्यात जुनीच लोखंडी जीभ बसली होती. खांबावरच्या खुणाही तशाच, रंगाखालून पुसट दिसणाऱ्या. जिभेच्या जरा वर, आतल्या बाजूला, दोन नाजूक रिव्हेटींनी काहीतरी ठोकलेलं होतं. दाजींनी दार हळूच ढकललं. खांबाची पट्टी त्या वस्तूवर टेकली आणि ती टिक करून वाकली. मग जीभ खाचेत पडली. खट.

"ही केसांची पिन आहे," बाई म्हणाल्या. "मधे दाबली की टिक वाजणारी."

दाजींना ते बाईंनी सांगायची गरज नव्हती. मोरपंखी रंगाची, एका टोकाला रंग उडालेली ती पिन रोज सकाळी त्यांच्याच घरात आरशाखालच्या फळीवर असायची.

"बाई, मी दुपारी हॉस्पिटलात येतो," ते म्हणाले. "काय झालं ते तुमच्या आणि ताईंच्या समोर सांगतो. आत्ता मला एका ठिकाणी जायचंय."

बाई गाडी तिथेच ठेवून गेल्यावर त्यांनी रिव्हेटी तोडून पिन काढली आणि रंग्याला गाठलं. तो आतल्या खोलीत ढाल टांगायला भिंतीत खिळा ठोकत होता. दोरीचं दार त्याने खिडकीतून पाहिलं असणार, कारण दाजी काही बोलायच्या आतच तो बोलायला लागला. "फक्त प्रदर्शनापुरतं होतं, दाजी. आजच बदलणार होतो. शप्पथ. एका दिवसाचा प्रश्न होता."

"मला म्हणाला असतास तर?"

"तुम्ही कापलीच असती."

"कापलीच असती," दाजी म्हणाले. "आणि पिन? ती चोरलीस?"

रंग्याच्या हातातला हातोडा खाली आला. "चोरली कशाला? ताईनंच दिली."

ही ताई म्हणजे त्याची बहीण, दाजींची बायको. दाजी चालत घरी निघाले. एरवी दहा मिनिटांचा रस्ता. रंग्याने केसाने गळा कापला हे त्यांना कळलं होतं आणि ते सोसवतही होतं. माणसाला नाव हवं असतं, त्यापायी तो आंधळा होतो. पण बायकोने पिन दिली ती भोळेपणाने, भावाने काहीतरी थाप मारली असेल, हे त्यांनी वाटेत दहा वेळा स्वतःला सांगितलं. दहाव्या वेळेलाही ते पुरतं पटलं नाही.

ती धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. दाजींनी पिन तिच्यापुढे धरली.

"काय म्हणून मागितली त्यानं?"

तिने पिनेकडे बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. खोटं बोलायचा विचार तिच्या मनात येऊन गेलेला त्यांना दिसला.

"काय झालं?" तिने विचारलं.

दाजींनी सांगितलं. तिने चादर बाजूला ठेवली. "जिवावर नाही ना बेतलं?"

"मी विचारलं त्याचं उत्तर दे."

"त्यानं नव्हती मागितली," ती म्हणाली. "तो इथं बसून रडत होता. म्हणाला, दाजी पकडतीलच, त्यांना एकच खटका ऐकू येईल. मग मीच म्हटलं, थांब. तीन पिना वाजवून बघितल्या. एक फार बारीक वाजत होती, एक कर्कश. ही बरोबर वाजली."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. रोज जेवताना ते तिला दारांच्या गोष्टी सांगत, जिभेने आवाज काढून दाखवत, कुठला खटका खरा आणि कुठला फसवा ते समजावत. ती भाजी वाढता वाढता नुसतं हं हं करायची. आपलं ऐकायला घरात कुणाला वेळ नाही, असं म्हणून ते मित्रांत हसायचे. आणि ती सगळं ऐकत होती. इतकं नीट की त्यांचा कान कशाने फसेल, हे अख्ख्या गल्लीत तिला एकटीला ठाऊक होतं.

"अहो, ऐका ना," ती म्हणाली. "त्याला पहिल्यांदा काही मिळालंय. त्याचं नाव नका घेऊ. माझी चूक झाली म्हणा. तुमचं नाव एवढं मोठं आहे, एक चूक पचून जाईल."

"ताई गाडीबाहेर अर्ध्या लोंबत होत्या."

"वाचल्या ना पण!"

दाजींना तिच्याकडे बघवेना. रंग्याला त्यांनी कामाच्या जागी गमावलं होतं. घरात काय गमावलं, ते त्यांना अजून मोजता येत नव्हतं. फक्त आजवर जिच्याशी ते मन मोकळं करत आले, तिच्यापासूनच आता मन लपवावं लागणार होतं. त्यांनी पिन खिशात टाकली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"हॉस्पिटलात."

ती उठून दारापर्यंत आली. "कुणाचं नाव सांगणार?"

"तिघांचं," दाजी म्हणाले. "पहिलं माझं. मी न बघता दार पास केलं."