पावसाळ्यात काय जाळता, असं विचारणाऱ्या बाई

प्रा. यमुनाबाई मडावी यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख द्यावा, असं संपादक मंडळाने कळवलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. बाईंचे विद्यार्थी तहसीलदार झाले, प्राध्यापक झाले, एक जण तर विमानाशिवाय कुठे जात नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडी पाइपांचे सांधे ओतणाऱ्या एका कारखान्यात माल तपासतो. पण बाईंनी आमच्या कारखान्यात येऊन जे केलं ते लिहायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो. चुकलं तर बाई लाल शाईने दुरुस्त करतीलच. त्यांना तशी सवय आहे आणि मलाही.

बाईंची पहिली ओळख झाली ती मूलच्या महाविद्यालयात, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "जंगलातली चारोळी गावाबाहेर निघते तेव्हा नाक्यावर कर लागतो. तो कोण भरतं?" मी मोठ्या ऐटीत हात वर करून "व्यापारी" असं सांगितलं आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "आठवडी बाजारात जा, चारोळी विकणाऱ्या बाईला विचार आणि मग मला सांग." सगळा वर्ग हसला. मी चरफडत बाजारात गेलो. टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "व्यापारी म्हणते, नाक्यावर पावती फाडा लागते, म्हनून भाव कमी देतो. मी काय करू? परत नेऊ का एवढ्या दूर?" दुसऱ्या दिवशी हे मी वर्गात जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं : ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्यावर कर येऊन बसतो. करभाराचं अख्खं प्रकरण आम्ही त्या एका वाक्यावर शिकलो आणि परीक्षेत उतरवलं.

बाई स्वतः धानोरा तालुक्यातल्या एका गोंड गावातल्या. लहानपणी आईबरोबर चारोळीची टोपली घेऊन त्या बाजाराला जायच्या. हे त्यांनी वर्गात कधीही सांगितलं नाही. पुढे एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारातून चाललो होतो, तेव्हा त्या एका टोपलीवालीपाशी उकिडव्या बसल्या आणि गोंडीत बोलू लागल्या. दोघी बराच वेळ हसत होत्या. मला त्यातलं काही कळलं नाही, पण वर्गातल्या बाई आणि या बाई यांच्यात मला काही फरक दिसला नाही.

पदवी झाल्यावर मला सरकारी नोकरी मिळाली नाही. कारखान्यात लागलो ते कोणाला सांगायची लाज वाटायची, म्हणून बाईंकडे जाणंही टाळलं. महिनाभरात बाईच कारखान्याच्या फाटकावर येऊन उभ्या राहिल्या. "तुझी भट्टी दाखव," म्हणाल्या. ओतलेले सांधे ठिसूळ राहू नयेत म्हणून आम्ही ते भट्टीत कितीतरी तास तापवून हळूहळू थंड करतो. त्यावर त्यांनी इतके प्रश्न विचारले, की आमचा फोरमन शेवटी चहाचं निमित्त करून पळाला. जाताना बाई त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हा माझा विद्यार्थी आहे." त्या दिवसापासून माझी लाज गेली, हे मी इथे मोकळेपणी सांगतो.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या आमच्या मोठ्या ग्राहकाचं पत्र आलं. आमचा निम्म्याहून अधिक माल तो एकटा घेतो. तिकडे नवा नियम आला होता : बाहेरच्या देशातून लोखंडाचा माल आला, की तो बनवताना किती कार्बन हवेत गेला ते पाहायचं आणि त्याचा कर माल मागवणाऱ्याकडून वसूल करायचा. कारखान्याने स्वतःचा आकडा दिला नाही, तर ते आपल्या मनाने भला मोठा आकडा धरणार. ग्राहकाने लिहिलं होतं, आकडा द्या, नाहीतर आम्ही दुसरा देश पाहतो. आमचे मालक रमेशभाऊ यांनी ते पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तू अर्थशास्त्र शिकला ना? पाह्य बरं काय हाय ते. कर तर त्याइले लागून राह्यला, आपल्याले काऊन तरास?"

मी तडक बाईंकडे गेलो. निवृत्तीनंतर त्या मूललाच राहतात. त्यांनी चार दिवस शब्दकोश उशाशी घेऊन तो नियम वाचून काढला आणि मग रमेशभाऊंना समोर बसवून समजावलं. कर भरेल तिकडचा माणूस, पण तो तेवढाच भाव आपल्याला कमी देईल, कारण त्याला दहा देश मोकळे आहेत आणि आपल्याला तो एकच मोठा ग्राहक आहे. रमेशभाऊ चिडले. हा तर उघड अन्याय झाला, म्हणाले. बाई म्हणाल्या, "अन्याय तर हायच. पैसा त्याइच्या तिजोरीत जाईन, इथं एक झाडबी लागनार नाई त्यातून. पन भाऊ, धूरबी खरा हाय. दिवसभर धूर खानाऱ्या चंद्रपूरच्या लोकाइले इचारा." बाईंचं हे असंच आहे. त्या कोणत्याही बाजूला पूर्ण खूश होऊ देत नाहीत.

आकडा काढायचं काम माझ्याकडे आलं. जानेवारी होता. मी पंधरा दिवस भट्टीपाशी काटा ठेवून जळण मोजलं आणि त्यावरून वर्षाचा आकडा बांधला. भट्टीत होता धानाचा भुसा. भात दरवर्षी नव्याने उगवतो म्हणून भुशाचा धूर त्या नियमात धरत नाहीत. त्यामुळे आकडा इतका सुंदर आला, की मी पेढे वाटले. ग्राहक खूश झाला, मागणी वाढली आणि कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली. ती पाळी सांभाळायला वामन नावाचा आमचा जुना भट्टीवाला दिला आणि त्याच्या हाताखाली दहा नवे लोक आले. मी तो कागद मिरवायला बाईंकडे नेला. त्यांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पावसाळ्यात काय जाळता?"

मी कागद परत ओढून घेतला. दिवाळीपासून होळीपर्यंत मूलच्या राइस मिल चालतात, तोवर भुसा हवा तितका मिळतो. पावसाळ्यात मिल थंड असतात, उरलासुरला भुसा भिजून जातो आणि आम्ही सरळ कोळसा टाकतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि म्हणूनच ते कोणी वेगळं सांगत नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं हो! जानेवारीत मूलच्या माणसाला विचारा, तो भुसा सांगेल. ऑगस्टमध्ये विचारा, कोळसा सांगेल. मी जानेवारीत स्वतःलाच विचारलं होतं.

रमेशभाऊ म्हणाले, "राहू दे तसंच. कोन येते इथी पाह्याले?" ते वाईट माणूस नाहीत; नव्या पाळीतली अकरा घरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मलाही तसंच वाटत होतं. मी बाईंशी भांडलो. त्यांनीच शिकवलेलं त्यांच्यावर उलटवलं. "बाई, कर शेवटी मजुरावरच बसतो ना? मंग त्याले वाचवाले आकडा थोडा कमी राह्यला तर काय बिघडलं?" युक्तिवाद बिनतोड होता, असं मला आजही वाटतं.  बाई म्हणाल्या, "कर मजुरावरच बसन, तुझं खरं हाय. पन खोटा आकडाबी त्याच्यावरच बसन. उद्या पकडल्या गेलं तर माल घेनं बंद. मालक दुसरा धंदा करन. तुले दुसरीकडं नोकरी भेटन. वामन कुठी जाईन, सांग मले."

 बाई दुसऱ्या दिवशी रमेशभाऊंच्या कचेरीत गेल्या. उपदेश वगैरे काही केला नाही. मागच्या पावसाळ्यातला कोळशाचा ढीग कुठे होता ते दाखवा, एवढंच म्हणाल्या आणि ती काळी पडलेली जमीन पाहून घरी परतल्या. दोन दिवसांनी रमेशभाऊंनी मला बोलावलं, "ते काळं कोनालेबी दिसन," म्हणाले आणि खरा आकडा पाठवायला सांगितलं.

ग्राहकाने मागणी कमी केली आणि भावही पाडला. दुसरी पाळी बंद झाली. अकराच्या अकरा लोक घरी बसले. वामन सगळ्यांत जुना, त्याला पहिल्या पाळीत घेतो म्हटलं, तर दुसऱ्याचं काम काढून मला नको, असं सांगून तोही घरी गेला. गावात बोलणी सुरू झाली : बाईले काय, पेन्शन हाय. हे बाईंच्या कानावर गेलं. तेव्हा उन्हाळा लागला होता आणि बाईंचे गुडघे दुखत होते. त्या अकराही घरी एकट्या चालत गेल्या. प्रत्येक दारात त्यांनी सांगितलं, "मालकानं नाई केलं, त्या पोरानंबी नाई. माझ्या सांगन्यानं झालं. जे बोलाचं ते मले बोला." मला हे कितीतरी दिवसांनी, तेही दुसऱ्याकडून कळलं. 

बोलणी खाऊन बाई स्वस्थ बसल्या नाहीत. राइस मिलच्या मालकांतले दोघे त्यांचेच विद्यार्थी. बाईंनी त्यांच्याकडे खेपा घालून, हंगामातला भुसा पावसाळ्यासाठी कोरडा राहील अशी मोठी शेड उभी करवली. पत्रे कुठून गळतात ते पाहायला त्या स्वतः जायच्या आणि मिलवाले त्यांना पाहून लपायचे. त्या पावसाळ्यात आमची भट्टी बहुतेक भुशावर चालली. थोडा कोळसा लागला, तो लागला असंच लिहिलं. आणि येणार नाही असं रमेशभाऊ म्हणत होते तो आकडा पडताळणारा तपासनीस आला, तोही ऐन जुलैत, गमबूट घालून. त्याचा आकडा आणि आमचा आकडा जुळला. मग बाईंनी ग्राहकाला पत्र लिहायला लावलं : इतक्या कमी धुरात बनलेला माल तुम्हाला सहज मिळणार नाही, तेव्हा कराचा अर्धा भार तुम्ही उचला. त्याने तो उचलला.

दुसरी पाळी वर्षभराने पुन्हा सुरू झाली. नऊ जण परत आले. दोघे तेलंगणात मिरची तोडायला गेले होते, ते तिकडेच राहिले. बाई भेटल्या की अजूनही आधी त्या दोघांची चौकशी करतात. या लेखात सगळं गोड झालं असं लिहिलं तर त्या चिडतील, म्हणून हेही नोंदवून ठेवतो.

मी हा लेख लिहितोय हे कळल्यावर वामन भट्टीवरून उठून माझ्या टेबलापाशी आला. हात पुसले. मग म्हणाला, "बाई माह्या घरी आल्या होत्या, तवा मी त्याइले बसा म्हटलं नाई. पानीबी नाई इचारलं. तशाच उन्हात परत गेल्या. मले लिवता येत नाई, तू तेवढं लिव."

लिहिलं आहे. बाई, पंच्याहत्तरी पार करून आपण शंभरीकडे सावकाश, आनंदाने चालत राहावं. डोळे असेच तीक्ष्ण राहोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि गुडघ्यांनी निदान वामनच्या घरापर्यंत साथ द्यावी. त्याने दारात खाट टाकली आहे, आणि तांब्या भरून ठेवला आहे.