कोणी विचारेपर्यंत गप्प

बेसबॉलच्या पंचाने रनरची चूक बघायची, पण समोरचा संघ विचारेपर्यंत बोलायचं नाही, हे मी अमरावतीच्या कॉलेजात शिकलो. घरात कॉलेज गाठणारा मी पहिलाच. आमचा भाजीचा मळा. तिथं कोणाचा पाय वाफ्यात पडला तरी चारी बाजूंनी ओरडा होतो. त्यामुळे हा नियम पाठ होता, पण अंगवळणी पडला होता असं म्हणवत नाही.

अकोल्यात मी पहिल्यांदाच बेसवरचा पंच म्हणून उभा होतो. शेवटचा डाव, यजमान संघ एका धावेनं मागे, दोन गडी शिल्लक. त्यांचा रनर पहिल्या बेसवर होता. फटका उंच गेला. झेल सुटणार असं समजून तो दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याजवळ पोचला, आणि झेल घेतला गेला; एक गडी बाद झाला. आता त्याला दुसऱ्या बेसला पुन्हा पाय लावूनच पहिल्यावर परतायचं होतं. तो मात्र धुऱ्यावरची पायवाट सोडून वावरातून आडवं निघावं तसा, चेंडू टाकणाऱ्या पिचरसमोरून थेट पळाला, आणि चेंडूआधी पहिल्यावर पोचला. गर्दीतून शिट्ट्या वाजल्या.

त्याची चूक मी पाहिली होती. दोरीपलीकडची गर्दी माझ्या अगदी पाठीमागे होती. पिचरने पुढचा चेंडू टाकला की विषय मिटणार होता. त्यानं तो लवकर टाकावा, असं मला वाटत होतं.

पण दुसऱ्या बेसवरच्या अमरावतीच्या खेळाडूने चेंडू मागून घेतला आणि बेसवर पाय ठेवला. "सर, परत येताना यानं इथं पाय टेकलाच नाही."

मी मूठ वर केली. आउट म्हणताना आवाज फाटला. सामना संपला.

यजमान कप्तान धावत आला. "काहून आउट? पोट्टा तं बेसवर उभा हाय."

"येताना दुसरा बेस सोडला त्यानं."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं? झोपले होते का?"

दोरीमागून कोणी म्हणालं, "पंच अमरावतीचा, जिंकणारेई अमरावतीचे. जाऊ द्या त्याले एसटी स्टँडवर, पाहू."

एवढ्यात तो रनरच जवळ आला. त्याला अजून धाप लागली होती. "मी मागं जाऊन पाय लावून आलो असतो, तं चाललं असतं?"

"चेंडू खेळात होता तोवर, हो."

"अन् तुमी पाहून राहिले होते."

"हो."

तो वळून आपल्या खेळाडूंकडे निघून गेला.  हात पाठीमागे धरून मी तिथंच उभा राहिलो; दोरी ओलांडून स्टँडकडे जायची हिंमत होत नव्हती.